मोटरवेवरचे स्पीड कॅमेरे (ब्रिटन)

गाडीचा वेग मोजायचा आणि लिमिटच्या वर असेल तर नंबरप्लेटसकट फोटो काढायचा, एवढंच काम असलेलं यंत्र म्हणजे स्पीड कॅमेरा. ब्रिटनच्या मोटरवेवर (म्हणजे तिथल्या एक्स्प्रेसवेवर) कारला ताशी ७० मैल (साधारण ११३ किमी) लिमिट आहे, ते १९६५ च्या डिसेंबरात तात्पुरतं म्हणून आलं आणि १९६७ मध्ये कायमचं झालं. कॅमेरे बरेच नंतरचे, पहिला १९९२ साली पश्चिम लंडनमध्ये ट्विकनहॅम पुलाजवळ बसला.

तो गॅट्सो. मॉरिस गॅट्सोनिडस नावाच्या डच रॅली ड्रायव्हरच्या कंपनीचा. गंमत म्हणजे १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेल्या या गड्याने वेग मोजायचं यंत्र बनवलं ते वळणावर स्वतःची गाडी अजून जोरात कशी काढता येईल हे बघायला, आणि पुढे त्याच्याच नावाच्या डब्याने जगभर लोकांना दंड बसवला.

गॅट्सोत रडार असतं. लहरी गाडीवर आपटून परत येतात तेव्हा त्यांची फ्रिक्वेन्सी थोडी बदललेली असते, ॲम्ब्युलन्स शेजारून निघून गेली की सायरनचा सूर उतरतो ना, तेच (डॉप्लर इफेक्ट). लहर २४ गिगाहर्ट्झची आणि गाडी ७० मैलांनी पळत असेल तर हा फरक जेमतेम ५ किलोहर्ट्झ पडतो, म्हणजे पन्नास लाखात एक भाग, पण तेवढा पकडता येतो. पण रडार शेजारच्या ट्रकमुळे फसू शकतं म्हणून नुसत्या त्याच्या आकड्यावर भागत नाही. अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो निघतात आणि रस्त्यावर मारलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गाडी तेवढ्यात किती सरकली ते मोजतात, ७० मैलांना साधारण साडेपंधरा मीटर. फोटो मागून काढतात, नाहीतर फ्लॅश ड्रायव्हरच्या डोळ्यात जाईल.

आता कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा आणि पुढे गेलं की परत दामटायची, हे सगळीकडचे ड्रायव्हर करतात. त्यावर तोड म्हणून १९९९ मध्ये स्पेक्स नावाचा कॅमेरा आला, यात रडारच नाही. दोन ठिकाणी कॅमेरे नंबरप्लेट वाचून वेळ टिपतात (इन्फ्रारेड, त्यामुळे रात्रीही), मग अंतर भागिले वेळ, चौथीचं गणित. कॅमेऱ्यांमध्ये ४ किमी असतील आणि तुम्ही बरोब्बर दोन मिनिटांत पोचलात तर ताशी १२० किमी, म्हणजे लिमिट मोडलंत, कारण लिमिटमध्ये असता तर आठेक सेकंद जास्त लागली असती. रस्त्याचं काम चालू असतं तिथे हे हमखास दिसतात.

लंडनला वळसा घालणाऱ्या एम२५ मोटरवेवर २०१४ पासून हेडेक्स ३ नावाचे कॅमेरे आहेत, रस्त्यावरच्या गँट्रीला (लोखंडी कमानीला) लावलेले. तिथे गर्दीप्रमाणे लिमिट ६०, ५०, ४० असं बदलतं आणि कॅमेरा ते लिमिट दाखवणाऱ्या बोर्डाला जोडलेला असतो, बोर्ड बदलला की त्याचा हिशोबही बदलतो.

सापडलं तर १४ दिवसांत गाडीमालकाला नोटीस जाते, चालवत कोण होतं ते कळवावं लागतं, दंड कमीत कमी १०० पौंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जुलै २०२४ पासून अशीच यंत्रणा चालू आहे, तीही सरासरी वेग काढते. दोन कॅमेऱ्यांच्या मध्ये फूड मॉलला वडापाव खायला थांबलात तर सरासरी आपोआप खाली येते, पण जागच्या जागी वेग मोजणारे कॅमेरेही आहेत आणि त्यांना वडापावाचं काही देणंघेणं नाही.