गच्चीवर सोलर लावताय? आधी सावली मोजा, मग कोटेशन मागवा

ऐरोली, नेरूळ, कोपरखैरणेच्या रो हाउसवाल्यांमध्ये आणि इकडे ठाण्यात कोलशेत-बाळकुमच्या गावठाणात सध्या सोलरचा विषय जोरात आहे, आणि विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, एका किलोवॅटचे किती पडतात? प्रश्न बरोबरच आहे, पण तो यायला हवा तिसऱ्या-चौथ्या नंबरावर. कारण तेच पॅनल, तोच इन्व्हर्टर, तोच व्हेंडर, आणि तरी एका गच्चीवर महिन्याला ३६० युनिट निघतात आणि शेजारच्या गच्चीवर अडीचशेच, असं सर्रास होतं. फरक पडतो तो बहुतेक वेळा सावलीमुळे.

पॅनलमध्ये सिलिकॉनचे पातळ सेल असतात. प्रकाश पडला की सेलमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि सेलच्या दोन थरांच्या सांध्यावर जो विद्युत दाब असतो तो त्यांना एकाच दिशेला ढकलतो, झाला करंट. अमेरिकेतल्या बेल लॅब्सने १९५४ साली असा पहिला कामाचा सेल दाखवला तेव्हा तो उन्हातल्या ऊर्जेच्या ६ टक्क्यांच्या आसपास वीज करायचा, आज गच्चीवर लागणारं साधं पॅनल २१-२२ टक्के करतं. आता अडचण इथे आहे की एक सेल जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट देतो, म्हणून सगळे सेल एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडतात, आणि मग पॅनलसुद्धा एकमेकांना सिरीजमध्येच. बागेला पाणी घालताना पाइपवर एका ठिकाणी पाय पडला तर पुढे सगळीकडेच धार कमी होते ना, तसंच सिरीजचं आहे, एका सेलवर डिश अँटेनाची सावली आली की त्या ओळीतल्या सगळ्यांचा करंट तेवढ्यावर येतो. यावर उपाय म्हणून पॅनलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात, साधारण तीन, ते सावलीतला भाग बाजूला टाकून करंट पुढे काढतात, पण म्हणजे पॅनलचा एक तृतीयांश भाग त्या वेळी गेलाच. हल्लीच्या हाफ-कट पॅनलमध्ये वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा चालतो त्यामुळे नुकसान कमी होतं, शून्य होत नाही.

म्हणून सावली. ठाणे साधारण १९ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तर किंचित उत्तरेकडे जातो, त्या दिवसात कुणी साइट बघायला आलं तर गच्ची एकदम स्वच्छ दिसते, सावलीच नाही कुठे! खरी परीक्षा डिसेंबरात असते. २२ डिसेंबरला सकाळी ९ वाजता इथे सूर्य जेमतेम २२ अंश वर असतो, म्हणजे कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळपास अडीचपट. तुमच्या जिन्याची खोली आणि त्यावरची टाकी मिळून दहा फूट असेल तर सावली २४ फूट जाते, वायव्येकडे. दुपारी मात्र तीच सावली नऊ-साडेनऊ फुटांवर येते. त्यामुळे टाकीच्या आणि जिन्याच्या दक्षिणेला जागा असेल तर पॅनल तिकडे घ्या, उत्तरेला लावायचेच असतील तर अंतर सोडा. घोडबंदर रोडला किंवा खारघरला बाजूला तीस मजली टॉवर उभा राहत असेल तर त्याचाही विचार आजच करा, बिल्डरचा बोर्ड लागलाय म्हणजे सावली येणारच आहे. व्हेंडर सॉफ्टवेअरमधून वर्षभराचं सावलीचं चित्र काढून देऊ शकतो, ते मागा, नाही म्हणाला तर दुसरा व्हेंडर बघा.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश. पूर्व-पश्चिमही चालतं, थोडं कमी मिळतं इतकंच. पण अगदी आडवं टाकू नका, खालच्या फ्रेमपाशी चिखल साचून राहतो.

आता किती किलोवॅट घ्यायचे. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतो असं धरतात, पावसाळ्यात निम्म्यावर येतो, मार्च-एप्रिलमध्ये साडेचार-पाच. जागा किलोवॅटमागे साधारण शंभर चौरस फूट. म्हणजे महिन्याला ३५० युनिटचं बिल असेल तर ३ किलोवॅट पुरतो. इथे बरेच व्हेंडर "पुढे ईव्ही घ्याल, एसी वाढेल" म्हणून ५ किलोवॅट गळ्यात मारायला बघतात. नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रिडला (म्हणजे महावितरणच्या लाइनला) दिलेली युनिट रात्रीच्या वापरातून वजा होतात, उरली तर पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्ष संपताना जी शिल्लक राहते तिचे पैसे किरकोळ दराने मिळतात, तुम्ही विकत घेता त्या दराने नाही. थोडक्यात जास्तीचा सोलर लावून वीज विकायचा धंदा घरगुती माणसाला परवडत नाही.

आणि एक गोष्ट सांगतो जी सोलरवाला कधीच सांगणार नाही. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज १२ तास धरले तर दिवसाला दोन युनिटच्या वर वाचतात, महिन्याला साधारण ६५. हेच ६५ युनिट सोलरमधून काढायला अर्ध्या किलोवॅटच्या वर पॅनल लागतील. पंख्यांचे पैसे आणि पॅनलचे पैसे शेजारी शेजारी मांडून बघा, पंखे बरेच स्वस्त पडतात, तेव्हा आधी पंखे बदला, दोन-तीन महिने बिल बघा आणि मग सोलरची साइझ ठरवा. महावितरणच्या स्लॅबमुळे यात अजून एक मजा आहे, शंभर युनिटच्या पुढचा दर पहिल्या शंभराच्या जवळपास दुप्पट होतो आणि पुढे चढतच जातो, त्यामुळे जे युनिट वाचतात ते वरच्या महागड्या स्लॅबमधले आधी वाचतात. ३५० युनिटचं बिल २५० वर आणायला जेवढे पैसे वाचतात तेवढे १०० चं शून्यावर आणायला वाचत नाहीत. फिक्स्ड चार्ज मात्र तसाच राहतो, "बिल शून्य" ही जाहिरात आहे.

इन्व्हर्टरबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ. सोलरचा इन्व्हर्टर म्हणजे पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारी पेटी. पण घरात पंखे-ट्यूबसाठी बॅटरीवाला इन्व्हर्टर असतो, त्यामुळे लोकांना वाटतं सोलर म्हणजे लाइट गेली तरी घर चालू. ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेल्या सोलरमध्ये असं होत नाही, लाइट गेली की भर दुपारच्या उन्हातसुद्धा सोलर बंद पडतो, आणि तो मुद्दाम बंद केलेला असतो. कारण खाली डीपीवर वायरमन लाइन बंद करून काम करतोय आणि तुमच्या गच्चीवरून त्याच लाइनमध्ये २३० व्होल्ट येत असतील तर माणूस जाईल. म्हणून इन्व्हर्टर सतत ग्रिडचा व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी बघत असतो, ती गायब झाली की क्षणात हात काढून घेतो, आणि लाइट आल्यावरही लगेच जोडत नाही, थोडा वेळ थांबून खात्री करतो. याला अँटी-आयलंडिंग म्हणतात.

मग हायब्रिड घ्यायचा का, बॅटरीसकट? माझं मत, ठाणे-नवी मुंबईत बहुतेकांना गरज नाही. आपल्याकडे लाइट जाते ती तास-दोन तास, मेंटेनन्सचा शटडाउन असला तर थोडी जास्त, त्यासाठी लिथियम बॅटरीचा खर्च निघतच नाही आणि सबसिडी मोजली जाते ती पॅनलच्या किलोवॅटवर, बॅटरीचे वेगळे मिळत नाहीत. घरात आधीचा इन्व्हर्टर-बॅटरी आहे ना, तो तसाच ठेवा, तो घरच्या लाइनवर चार्ज होतो आणि दिवसा ती लाइन सोलरवर चालते, काम झालं. घरात ऑक्सिजन मशीनवरचा पेशंट असेल किंवा कुठे आत गावात लाइटचा रोजचाच प्रॉब्लेम असेल तर गोष्ट वेगळी.

इन्व्हर्टरचं दुसरं काम कमी लोकांना माहीत असतं. साडेपाचशे वॅटचं पॅनल नुसतं उन्हात ठेवलं तर टोकांना जवळपास ५० व्होल्ट दिसतात पण करंट शून्य, दोन्ही टोकं जोडून टाकली तर १४ अँपिअर पण व्होल्टेज शून्य, दोन्ही वेळेला पॉवर काहीच नाही. मध्ये कुठेतरी ४२ व्होल्ट आणि १३ अँपिअरला पूर्ण साडेपाचशे मिळतात आणि ही जागा ऊन, ढग, तापमान बदललं की सरकते. इन्व्हर्टरमधला एमपीपीटी नावाचा भाग दिवसभर तिच्या मागे फिरत असतो. गच्चीच्या दोन बाजूंना दोन दिशांना पॅनल लावणार असाल तर दोन एमपीपीटीवाला इन्व्हर्टर घ्या, किमतीत फरक थोडा असतो. आणि तो पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात टांगू देऊ नका, तापला की स्वतःला वाचवायला तो पॉवर कमी करतो. जिन्यात हवेशीर जागा बघा.

तापण्यावरून आठवलं, जास्त ऊन म्हणजे जास्त वीज हे अर्धंच खरं. पॅनलचे वॅट मोजलेले असतात सेलचं तापमान २५ अंश धरून. मे महिन्यात आपल्याकडे सेल आरामात ६० पर्यंत जातो आणि साध्या मोनो पर्क पॅनलमध्ये प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के पॉवर घटते, म्हणजे बारा टक्के तिथेच गेले. टॉपकॉन या नव्या प्रकारच्या पॅनलमध्ये हीच घट ०.३ च्या आसपास असते. पॅनलखालून हवा खेळती राहू दे, पत्र्याच्या शेडला अगदी चिकटवून लावले की ते अजून तापतात.

पैशाचं बोलू. घरगुती सोलरला सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, त्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००, पुढे कितीही लावा तेवढेच. पैसे सिस्टीम चालू झाल्यावर तुमच्याच बँक खात्यात येतात. सबसिडीसाठी पॅनलमधले सेलही भारतात बनलेले लागतात, त्याला डीसीआर म्हणतात. ही पॅनल इतरांपेक्षा महाग असतात आणि म्हणून कुणी तरी "नॉन-डीसीआर घ्या, स्वस्तात करून देतो" म्हणतंच, पण तीन किलोवॅटला तो फरक ७८ हजारांच्या बराच खाली राहतो. समजा सगळं मिळून १ लाख ८० हजार लागले, सबसिडी जाऊन १ लाख २ हजार, थोडं हात राखून वर्षाला ३,९०० युनिट आणि सरासरी ९ रुपये धरले तर ३५ हजार वाचले, तीन वर्षांत पैसे वसूल. सावली किंवा कमी वापरामुळे चार-पाच वर्षं लागली तरी पॅनलची परफॉर्मन्स वॉरंटी २५ वर्षांची असते. सप्टेंबर २०२५ पासून पॅनलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, कोटेशनमध्ये तो नीट लावलाय का बघा. योजनेत व्हेंडरने पाच वर्षं मेंटेनन्स द्यायचा असतो, तो "एक्स्ट्रा" म्हणून मागत असेल तर समजून जा.

भंगारातून किंवा जुन्या सोलर प्लांटवरून उतरवलेली सेकंडहँड पॅनल निम्म्या भावात मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. सेलमधल्या बारीक चिरा डोळ्यांना दिसत नाहीत, मागची शीट कडक झालेली असते, पहिल्या पावसात करंट लीकेजमुळे इन्व्हर्टर ट्रिप व्हायला लागतो. सबसिडी तर नाहीच.

जिथे खरंच काटकसर करायची नाही ती जागा म्हणजे स्ट्रक्चर आणि वायरिंग. मुंबई पट्ट्यासाठी इमारतींच्या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे ताशी जवळपास १६० किलोमीटर. २०२१ चं तौक्ते आठवतंय ना, समुद्रातूनच गेलं तरी पत्रे कुठे कुठे जाऊन पडले होते. पॅनलचं वजन चौरस मीटरला बाराएक किलो, ते गच्चीला जड नाही, भीती आहे ती वारा खालून उचलतो त्याची. वाशी, ऐरोली, सीवूड्सला खाडी जवळ, खारी हवा, तिथे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं) स्ट्रक्चर आणि स्टेनलेसचेच नटबोल्ट लागतात, नुसता सिल्व्हर रंग मारलेलं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत फुगतं. वायरचं म्हणाल तर सहा पॅनल सिरीजमध्ये म्हणजे ३०० व्होल्ट डीसी. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो त्यामुळे ठिणगी पेटली तरी विझायला संधी असते, डीसी शून्यावर येतच नाही, सैल कनेक्टरमध्ये एकदा आर्क पेटला की जळतच राहतो. म्हणून डीसीसाठी सोलरचीच कॉपर वायर, एकाच कंपनीचे नर-मादी कनेक्टर, आणि डीसी, एसी, लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत नेणारा) या तिघांचं वेगवेगळं अर्थिंग. कोटेशनमध्ये नुसतं "अर्थिंग किट" लिहिलेलं असेल तर किती खड्डे ते विचारा.

फ्लॅटवाल्यांना गच्ची स्वतःची नसते, पण सोसायटीचा कॉमन मीटर आहे की. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून तो बहुधा वरच्या स्लॅबमध्येच असतो आणि पंप दिवसा चालवता येतो. सोसायट्यांना किलोवॅटला १८,००० सबसिडी आहे. मीटिंगमध्ये ठराव लागतो, आणि गच्चीवर गळतीसाठी पत्र्याची शेड असेल तर तिचे खांब वाऱ्याचा जोर घेतील का हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या.

बसवून झाल्यावर इन्व्हर्टरचं ॲप रोज बघायची गरज नाही. मार्चमधल्या स्वच्छ दिवशी तीन किलोवॅटला तेरा-चौदा युनिट यायला हवेत. हळूहळू उतरत असेल तर धूळ किंवा कबुतरं, सकाळी काच थंड असताना मऊ ब्रशने साध्या पाण्याने धुवा, बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. पण भर दुपारी एक-दोन वाजता इन्व्हर्टर मध्येच बंद-चालू होत असेल तर बरेचदा पॅनलचा दोष नसतो. एकाच लाइनवर बऱ्याच घरांनी सोलर लावला की दुपारी तिथला व्होल्टेज चढतो आणि ठरलेल्या मर्यादेपुढे इन्व्हर्टर स्वतःहून बाजूला होतो. त्या वेळचा व्होल्टेज इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर दिसतो, त्याचे दोन-तीन दिवसांचे फोटो वेळेसकट काढून महावितरणकडे लेखी तक्रार द्या, ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे व्होल्टेज वर-खाली करायची जोडणी, त्यांनाच बदलता येतो.