भिडू 'वन नोट्रम्प' म्हणाला, आता काय?

(आमच्या ब्रिज क्लासच्या सदाशिव पेठ आणि कोथरूड बॅचसाठी)

दर आठवड्याला एक तरी फोन येतोच, "अहो, माझ्या वन नोट्रम्पवर भिडू टू क्लब म्हणाला, माझ्याकडे किलवर भरपूर होतं म्हणून मी पास दिला", आणि हा भिडू बहुतेक वेळा नवरा नाहीतर बायको असते, मग भांडण घरी जाऊन संपतं. म्हणून हे पान छापलंय.

आधी एक डोक्यात ठेवा. वन नोट्रम्प (हुकमाशिवाय सात हात करायची बोली) म्हणणाऱ्याने सगळं सांगून टाकलेलं असतं, १५ ते १७ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १), चारही रंग बऱ्यापैकी सारखे. आता कॅप्टन समोरचा. तो विचारेल तेवढ्याचं उत्तर द्यायचं, स्वतःची अक्कल नंतर.

टू क्लब म्हणजे स्टेमन नावाची ठरलेली बोली. किलवरशी संबंध नाही, "तुझ्याकडे चार बदाम (हार्ट) किंवा चार इस्पिक (स्पेड) आहेत का" एवढाच प्रश्न. असतील तर तो रंग बोला, दोन्ही असतील तर आमच्याकडे आधी बदाम, काहीच नसेल तर टू डायमंड. विचारणाऱ्याकडे साधारण ८ पॉइंट आणि यातला एक रंग चार पानांचा हवा. गंमत म्हणजे ही युक्ती जॉर्ज रापे यांची, पण १९४५ साली लेख सॅम्युअल स्टेमन यांनी लिहिला आणि नाव त्यांचंच चिकटलं.

ट्रान्सफरला, म्हणजे आपला रंग भिडूकडून वदवून घेण्याला, सगळ्यात जास्त लोक अडकतात. टू डायमंड म्हणजे माझ्याकडे पाच बदाम, टू हार्ट म्हणजे पाच इस्पिक, आणि भिडूने निमूट वरचा रंग बोलायचा, हातात त्याची दोनच फालतू पानं असली तरी. समजा तुमच्याकडे राणीपासून पाच बदाम आणि बाहेर एक गुलाम, एकूण ३ पॉइंट. टू डायमंड म्हणा, तो टू हार्ट म्हणेल, तुम्ही पास. नोट्रम्पमध्ये तुमचे पत्ते मेल्यात जमा होते, इथे निदान हुकूम म्हणून एकदोन हात करतील. शिवाय तगडे पत्ते झाकलेले राहतात, तुमचे डमी म्हणून टेबलावर उघडे येतात आणि पहिली उतारी भिडूच्या राजाकडे चालत येते. तेच १० पॉइंट असतील तर ट्रान्सफरनंतर थ्री नोट्रम्प म्हणा, तीन बदाम असतील तर भिडू फोर हार्ट करेल, नाहीतर तिथेच थांबेल.

फोर नोट्रम्पला एक्के सांगत बसू नका प्लीज. वन नोट्रम्पवर थेट आलेलं फोर नोट्रम्प म्हणजे "१७ असतील तर सिक्स म्हण, १५ असतील तर पास", कारण स्लॅमला (१३ पैकी १२ हात) दोघांचे मिळून ३३ लागतात. एक्के विचारायला फोर क्लब, या बोलीचं नाव गर्बर.

मध्ये विरोधक बोलला तर हे सगळं बदलतं, ते क्लासमध्येच घेऊ. आणि शंका विचारायला येताना चारही जणांचे पत्ते लिहून आणा, "माझ्याकडे चांगले पत्ते होते हो" यावरून आम्हाला काही सांगता येत नाही.