साहेब बघतील (वृत्ती)

दारातलं काम, निर्णय नाहीतर भांडण नेत्याच्या अंगावर ढकलून आपण मोकळं व्हायचं, या सवयीला कोल्हापूरकडं 'साहेब बघतील' म्हणतात. साहेबांच्या जागी दादा, आण्णा, आबा कुणीही येतं, वाक्य तेच. लोक याला आंधळी भक्ती म्हणतात, पण माझ्या मते निम्मा तरी हिशोब असतो, कारण निर्णय साहेबांचा असला की चुकल्यावर शिव्या घालायला माणूस तयार आणि आपण कट्ट्यावर बसून बोलायला रिकामे.

हिशोब बघायचा तर ऊस बघावा. तोडीची पाळी कारखाना ठरवतो, टोळी उशिरा आली की फडातच ऊस वाळतो, वजन घटतं, आणि कारखाना ज्या गटाकडं त्याच गटाकडं बऱ्याचदा दूध संस्था, पतसंस्था आणि पोरगं शिकतंय ते कॉलेजपण असतं. मग 'स्वतःचं मत मांड की' असं त्या शेतकऱ्याला सांगणं सोपं आहे हो, ऊस त्याचा आहे. शहरात ऊस नाही पण सवय तीच. महापालिकेची मुदत 2020 च्या नोव्हेंबरात संपली, पुढं बरीच वर्षं प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते, तरी गटार तुंबलं की फोन माजी नगरसेवकालाच जायचा.

दुसरं कारण गर्दी. अमेरिकेत लाताने आणि डार्ली या दोघांनी 1968 साली एक प्रयोग छापला, खोलीत माणूस बसवून आत धूर सोडायचा. एकटा असला तर 75 टक्के लोक उठून सांगायला गेले, शेजारी मुद्दाम दोन ढिम्म माणसं बसवली तर फक्त 10 टक्के. मंडळाच्या मीटिंगला बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

तरी 2019 च्या महापुरात तालमीची पोरं कुणाला विचारत बसली नाहीत, मिळेल त्या नावेतनं माणसं बाहेर काढली, पाणी उंबऱ्याला लागल्यावर साहेब आठवत नाहीत बहुतेक. पूर उतरला की पंचनाम्यासाठी परत फोन सुरू. राधानगरी धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडतात तेच बरं, नाहीतर तिथंही निरोपाची वाट बघितली असती.

मार्च 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की आंबेडकरांच्या रूपानं तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. त्याच बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बजावलं, धर्मातली भक्ती मोक्षाला नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. भक्ती नको असं स्वतः पुढाऱ्यानंच सांगायचं, असले पुढारी लई कमी.

आमच्या पेठेत मागं एकदा वाढदिवसाचा फ्लेक्स फाटून गटारात अडकला, तीन दिवस घाण पाणी रस्त्यावर. ग्रुपवर फोटो पडले, हात जोडलेले इमोजी पडले, एकानं लिहिलं 'साहेबांच्या कानावर घातलंय'. चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्या मावशींनी लोखंडी गजानं फ्लेक्स ओढून काढला, दहा मिनिटं लागली असतील. संध्याकाळी ग्रुपवर मोकळ्या गटाराचा फोटो, वर लिहिलेलं, 'साहेबांच्या पाठपुराव्याला यश'.