'मी' अन् 'मले'

बारावीनंतर विदर्भातून पुण्याला होस्टेलला गेलो तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी म्हटलं, "मले भाजीवर थोडा सांबार पाहिजे", तर समोरचा पोरगा म्हणतो, डोसा कुठंय? कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं, अन् बाकी महाराष्ट्रात म्हणत नाहीत हे मला. सगळं टेबल हसलं. वाईट मनानं नाही, पण हसलं. सहा महिन्यांत माझं 'मले' गेलं, 'काहून' गेलं, वावराचं शेत झालं. दिवाळीला घरी आलो तर माय म्हणे, "कारे, टीव्हीवानी काऊन बोलून राह्यला तू?"

आता सांगा, माझी जीभ कोणी बदलली? कोणी दम दिला नाही, दंड लावला नाही, मी पण कधी बसून ठरवलं नाही की आजपासून 'मला' म्हणायचं. पुढं समाजशास्त्राचा पेपर होता तेव्हा कळलं की हाच प्रश्न घेऊन लोकांनी आख्खी आयुष्यं काढलीत.

त्यातला पहिला एमिल दुर्खीम, फ्रान्सचा, जन्म 1858 चा. 1895 मध्ये, म्हणजे बोर्दो गावी प्राध्यापक असताना, त्यानं समाजशास्त्र कसं करावं यावर एक पुस्तक लिहिलं, अन् त्यात 'सामाजिक तथ्य' अशी एक गोष्ट मांडली. म्हणजे वागायच्या, विचार करायच्या, अगदी मनात काय वाटावं याच्या पण अशा पद्धती ज्या माणसाच्या आधीपासून बाहेर असतात अन् त्याच्यावर जोर चालवतात. त्यानं उदाहरण कशाचं द्यावं, तर भाषेचं अन् नोटा-नाण्यांचं. तो म्हणतो, फ्रेंच बोललंच पाहिजे अशी मला सक्ती नाही, पण दुसरं काही करताच येत नाही. अन् गंमत म्हणजे हा जोर जाणवत नाही, हवेला वजन असून ते आपल्याला कुठं कळतं तसं. बैल सरळ चालतो तोवर त्याला कासरा कळत नाही, वाकडा गेला की कळतो. पोळ्याच्या दिवशी बैल वखराला जुंपून पहा एकदा! कायद्यात कुठं लिहिलेलं नाही, पोलीस पण येणार नाही, पण संध्याकाळी पानठेल्यावर तुमचाच विषय. तेरवीचं पण तेच, घरात दाणा नसला तरी उसनवारी करून पंगत बसते, अन् करणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो "माह्या मनानं केलं". खोटं बोलत नसतो तो. त्याच्या मनालाच तसं वाटतं, मुद्दा हाच तर आहे.

याच माणसानं 1897 मध्ये आत्महत्येवर पुस्तक लिहिलं, अन् विदर्भात बसून ते वाचताना घास अडकतो हो. वरवर पाहता याच्याइतकं एकट्याचं दुसरं काही नाही, पण दुर्खीमनं युरोपातले आकडे मांडून दाखवलं की एकेका समाजाचं आत्महत्येचं प्रमाण वर्षानुवर्षं बरंचसं सारखं राहतं, अन् कुटुंब, धर्म, युद्ध, आर्थिक उलथापालथ यांच्याबरोबर ते हलतं. माणसं बदलतात, प्रमाण राहतं, मग कारण फक्त त्या माणसांच्या आत कसं असणार? जुने नियम मोडले अन् नवे अजून बसले नाहीत, किती हाव धरावी अन् कुठं थांबावं हे सांगणारं कोणी उरलं नाही, अशा अवस्थेला त्यानं 'अॅनोमी' म्हटलं.

पण मला त्यातली सगळ्यात टोकदार वाटते ती वेगळीच जागा. सरकारी नोंदीत 'कारण' म्हणून जे लिहिलेलं असतं त्यावर त्याचा भरवसा नव्हता. तो म्हणतो ते कारणांचे आकडे नाहीतच, लिहिणाऱ्या अधिकाऱ्याच्या मताचे आकडे आहेत. आमच्याकडे शेतकऱ्याच्या घरी अशी घटना घडली की प्रकरण तहसीलला जातं, कर्ज होतं का, सातबारा कोणाच्या नावावर, अन् मग सरकारी मदतीला 'पात्र' नाहीतर 'अपात्र'. बाई आयुष्यभर वावरात राबली पण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, तर ती त्या कागदावर शेतकरीच नसते. गावात लोक हळू आवाजात म्हणतात, अमक्याचं अपात्र झालं. हा शब्द घरच्यांच्या अंगावर किती वर्षं राहतो ते मी जवळून पाहिलंय, त्यावर जास्त लिहवत नाही.

कार्ल मार्क्सचं थोडक्यात सांगतो कारण त्याच्यावर भांडणारे लोक आधीच भरपूर आहेत. 1859 मध्ये त्यानं लिहिलं की माणसाची जाणीव त्याचं असणं ठरवत नाही, त्याचं सामाजिक असणं त्याची जाणीव ठरवतं. गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं तिथं जाऊन बसा, एकाच ओसरीवर मालकाला वाटतं 'आजकाल मानसं कामचोर झाले' अन् सालगड्याला वाटतं 'आजकाल मालक चिक्कू झाले', दोघं आपापल्या जागी एकदम प्रामाणिक. जर्मनीचा समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर म्हणेल, थांबा, पोटापाण्यापलीकडं माणूस आपल्या करण्याला काय अर्थ देतो ते पण पहा. बरोबर आहे त्याचं.

पण हे सगळं आत शिरतं कसं? बाहेरचा समाज माझ्या डोक्यात कोणत्या दारानं आला? इथं अमेरिकेतले दोघं कामाला येतात. चार्ल्स कूली, मिशिगनचा, घरच्या लेकरांकडे बारकाईनं पाहत बसायचा, अन् 1902 मध्ये त्यानं लिहिलं की आपला 'मी' हा आरशातला मी आहे. दुसऱ्याला मी कसा दिसत असेन याची कल्पना, तो त्यावर काय मत करत असेल याची कल्पना, अन् मग त्यातून येणारा अभिमान नाहीतर लाज. नीट पहा, पहिल्या दोन्ही पायऱ्या कल्पनेच्या आहेत. मेसमधला तो पोरगा दुसऱ्या दिवशी सांबार विसरून पण गेला असेल, मी मात्र तीन वर्षं त्याच्यासमोर कोथिंबीर म्हणत राहिलो.

दुसरा जॉर्ज हर्बर्ट मीड, शिकागोचा. तो 1931 मध्ये गेला अन् त्याचं नावाजलेलं पुस्तक 1934 मध्ये, विद्यार्थ्यांनी वर्गात घेतलेल्या टिपणांवरून निघालं. माझा भाचा चार वर्षांचा आहे, तो कृषी केंद्राचा मालक बनून खुर्चीवर बसतो अन् आजोबाला सांगतो, "आधी मागची उधारी द्या". ही मीडची पहिली पायरी, एका वेळी एकाच माणसाचं सोंग. क्रिकेटमध्ये तेवढ्यानं भागत नाही, बॉलर, कीपर, लाँगऑनवाला सगळे एकदम डोक्यात ठेवावे लागतात. तसं होत होत आख्खं गाव डोक्यात बसतं, त्याला मीड 'सर्वसाधारण दुसरा' म्हणतो. 'लोक काय म्हणतीन' मधले ते लोक हेच, नाव नाही, चेहरा नाही.

अन् मीडनं माणसाचे दोन भाग पाडले, 'आय' (I) अन् 'मी' (me). थांबा, इथं घोळ आहे, इंग्रजीतला 'आय' म्हणजे आपला मी, अन् इंग्रजीतला 'मी' म्हणजे आमचा 'मले'. मले लोक काय म्हणतीन, मले असं शोभते का, हा 'मले' समाजाचा. अन् त्याला उत्तर देणारा, कधी मान डोलावणारा तर कधी उधळणारा, तो 'मी'. तो काय करेल हे करेपर्यंत त्याचं त्याला पण माहीत नसतं.

आरसा मात्र सगळ्यांना सारखा मिळत नाही. अमेरिकेतलाच काळा समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस, त्यानं 1903 मध्येच लिहिलं की अमेरिकेतल्या काळ्या माणसाला स्वतःकडे कायम दुसऱ्याच्या, तुच्छ मानणाऱ्या नजरेतून पाहावं लागतं. 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला, त्यात मांडलं की काहींनी आपल्या गटाचं दार लावून घेतलं अन् बाकीच्यांना ते आपल्यावर बंद झालेलं दिसलं. पुढं 1946 मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉईसला पत्र पण लिहिलं होतं. माझं 'मले' तर मेसच्या टेबलावर गेलं, फार तर हसं झालं. ज्याचं आडनाव ऐकूनच समोरचा दोन पावलं मागं सरतो, त्याचा आरसा कूलीच्या घरातला नाही.

आमची मावशी पन्नाशीची, नवरा जाऊन बारा वर्षं झाली. दोन वर्षांमागं तिनं पोरीची स्कुटी काढली अन् नऊवारीवर सरळ बाजाराला गेली. गावात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. मी विचारलं, मावशी, ठरवून ठेवलं होतं का? तर म्हणे, "मले काय मालूम बाप्पा, बसली अन् चालली."