जुन्या छोट्या गाडीतील इंजिन बदल

गाडीचे मूळ इंजिन निकामी झाल्यावर त्या जागी दुसरे बसवण्याचे काम. नागपुरात हा प्रश्न बहुधा मारुती 800, झेन किंवा जुन्या अल्टोच्या मालकांपुढे येतो. इंजिनाची ताकद नंतर पाहावी, आधी आर.सी. (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) पाहावी.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी आर.सी.चा मेळ बसणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच मॉडेलचे, त्याच घनक्षमतेचे (सीसी) व इंधनाचे इंजिन असेल, तर बदल मुख्यतः इंजिन नंबरपुरता उरतो. त्यासाठी आरटीओची पूर्वपरवानगी घ्यावी. परवानगीविना इंजिन बदलले गेले असल्यास 14 दिवसांत कळवणे मालकावर बंधनकारक आहे. एमएच-31, 40 किंवा 49 यांपैकी ज्या कार्यालयाच्या हद्दीत मालक राहतो, तिथे हे काम होते. कबाड्याकडून इंजिन घेताना पक्के बिल आणि ज्या गाडीतून ते काढले तिच्या आर.सी.ची प्रत मागावी. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर सौदा तिथेच सोडावा. ते इंजिन चोरीच्या गाडीचे असू शकते.

बदलण्याआधी एक गोष्ट तपासावी, कारण निम्मा खर्च इथेच वाचू शकतो. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. ब्लॉक शाबूत असेल तर बोरिंग (सिलिंडर आतून थोडे मोठे) करून 0.25 किंवा 0.50 मिमी ओव्हरसाइज पिस्टन-रिंग टाकता येतात आणि नंबर तोच राहतो. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा कनेक्टिंग रॉड बाहेर आला असेल, तरच दुसरे इंजिन शोधावे.

जुने इंजिन पारखताना कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजने मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सगळे प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा, चार्ज बॅटरीवर स्टार्टर फिरवावा. मारुतीच्या या पेट्रोल इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला साधारण 12 ते 14 किलो दाब हवा आणि सिलिंडरांमध्ये 1 किलोपेक्षा जास्त फरक नको. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे: आकडा चढला तर रिंग गेल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मग थर्मोस्टॅटचे झाकण उघडून आत बोट फिरवावे. लालसर गाळ किंवा पांढरा थर हाताला लागला, तर ते इंजिन कूलंटऐवजी बोअरवेलच्या जड पाण्यावर चाललेले आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे गेला की असे इंजिन सर्वांत आधी तापते आणि हेड वाकते. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) फिरवावा, 0.05 मिमीपेक्षा जास्त फट असेल तर हेड सपाट करायला मशीनवर द्यावे लागेल.

मोठ्या इंजिनाचा मोह झेनबाबत हमखास होतो. झेनचे 993 सीसीचे आणि एस्टीमचे 1298 सीसीचे इंजिन एकाच जी मालिकेतले, त्यामुळे ते फारशी ओढाताण न करता बसते. तरीही रस्त्यावरच्या गाडीसाठी ही निवड चुकीची आहे. घनक्षमता बदलते, आर.सी. जुळत नाही, आणि अपघातात विमा दावा नाकारला जाण्याचा धोका राहतो. झेनचाच गिअरबॉक्स ठेवला तर समृद्धी महामार्गावर इंजिन उगाच जास्त फिरते. ब्रेक मात्र जुन्या ताकदीलाच बेतलेले असतात.

कार्बोरेटरच्या गाडीत एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शनचे) इंजिन टाकायचे तर काम दुपटीने वाढते. टाकीत इलेक्ट्रिक पंप, सुमारे तीन किलो दाब सोसणारा पाइप, रिटर्न लाइन, पूर्ण वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी चावीची यंत्रणा) असल्यास त्याच गाडीची चावी, हे सगळे एकाच गाडीतून घ्यावे. सुटे भाग वेगवेगळ्या गाड्यांतून गोळा केले की इंजिन सुरू होऊन बंद पडते आणि दोष सापडता सापडत नाही.

इंजिन खाली असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, फ्लायव्हीलकडचे ऑइल सील, क्लच प्लेट आणि फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर टेकते ते) रबर नवे टाकावेत. नंतर यांपैकी एका सीलसाठीही गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. कूलंट भरताना हीटर उघडा ठेवून हवा पूर्ण काढावी, पंखा आपोआप सुरू होतो का ते उभ्या गाडीत एसी लावून पाहावे, आणि पहिल्या 1000 किमीला ऑइल-फिल्टर बदलावा. आर.सी.वर नवा नंबर चढला की त्याची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीतही तो नोंदवून घ्यावा.