पातळ सौरघटात किरण पुरत नाही

छतावरच्या अनेक सौर पॅनेलना दिसणारी निळसर झाक कोणत्याही रंगद्रव्याची नसते. उघड्या सिलिकॉनवर पडणाऱ्या प्रकाशापैकी ३० टक्क्यांहून अधिक परावर्तित होतो, म्हणून त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीचा थर चढवतात. या थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे तरंग एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. पण जाडी नारिंगी प्रकाशासाठी जुळवलेली असल्याने थोडा निळा प्रकाश निसटतो. पावसात रस्त्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगाचे रंगही याच व्यतिकरणाचे, म्हणजे तरंगांच्या एकमेकांत मिसळण्याचे.

त्या थराखालच्या सुमारे १५० मायक्रोमीटर जाडीच्या सिलिकॉनमध्ये मात्र प्रकाशाला साधा किरण मानले तरी हिशेब चुकत नाही. निळा प्रकाश सिलिकॉनच्या वरच्या भागातच शोषला जातो, पण १००० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाला त्यासाठी शंभराहून अधिक मायक्रोमीटर अंतर लागते. पृष्ठभाग खडबडीत करून आणि मागे आरसा ठेवून प्रकाश आतच सर्व दिशांना फिरवला, तर त्याचा सरासरी मार्ग जाडीच्या जास्तीत जास्त किती पट होईल, हे भौतिकशास्त्रज्ञ एली याब्लोनोविच यांनी १९८२ मध्ये दाखवले: अपवर्तनांकाच्या (पदार्थात प्रकाश किती पट मंदावतो त्या अंकाच्या) वर्गाच्या चौपट, म्हणजे सिलिकॉनसाठी सुमारे ५० पट.

प्रकाश शोषणारा थरच जेमतेम २०० नॅनोमीटरचा केला, की महागडे द्रव्य वाचते आणि विद्युतभारांना वाटेत नष्ट होण्यापूर्वी बाहेर पडणे सोपे जाते. पण सौरघटांत वापरल्या जाणाऱ्या गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकामध्ये शिरलेल्या ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची तरंगलांबी आकसून साधारण तेवढीच होते, आणि जिथे एकच तरंग कसाबसा मावतो तिथे किरणाच्या येरझाऱ्या मोजण्याला अर्थ उरत नाही. सतारीची तार जशी ठरावीक सुरांतच झंकारते, तसा अशा थरात प्रकाश ठरावीक तरंगलांबींनाच जोमाने साठतो. मधल्या तरंगलांबींना तो बराचसा निसटून जातो. सूर्यप्रकाश मात्र सर्व तरंगलांबींचा असतो, आणि खरी अडचण इथेच आहे.

त्यावर सुचलेला उपाय मला फार देखणा वाटतो. फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी २०१९ मध्ये २०५ नॅनोमीटरच्या गॅलियम आर्सेनाइड थरामागे चांदीचा सूक्ष्म नक्षीदार आरसा बसवला. त्या नक्षीवरून विवर्तन पावलेला, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वळलेला प्रकाश थरात आडवा धावू लागतो आणि एकाऐवजी अनेक अनुनाद, म्हणजे तारेच्या सुरांसारख्या जोमाने साठणाऱ्या तरंगलांबी, मिळतात. ते एकमेकांवर अंशतः चढले की मधल्या फटी भरून निघतात. या घटाची कार्यक्षमता १९.९ टक्के भरली. याब्लोनोविच यांची मर्यादाही अशा थरांना जशीच्या तशी लागू होत नाही: प्रकाशाचे विद्युतचुंबकीय क्षेत्र तरंगलांबीपेक्षा लहान जागेत एकवटले तर ती ओलांडता येते, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील शानहुई फान आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये गणिताने दाखवले. अर्थात चांदी स्वतःही थोडा प्रकाश शोषते आणि त्याची वीज न होता उष्णता होते, त्यामुळे नक्षी ठरवताना थरात किती प्रकाश अडकला याइतकेच आरशात किती वाया गेला हेही मोजावे लागते.