कापड खरं, कव्हर खोटं

जर्मन हेल्मेटची दोन कापडी कव्हरं टेबलावर शेजारी ठेवली आहेत असं समजा. दोन्ही 'झेल्टबान 31' या जर्मन लष्करी तंबू-कापडातून कापलेली, कापड अस्सल, शत्रूच्या नजरेतून लपण्यासाठीची नक्षीही अस्सल. एक 1944 साली आघाडीवरच्या सैनिकाने शिवलेलं, दुसरं युद्धानंतर कुणीतरी विकण्यासाठी शिवलेलं. नवा संग्राहक नक्षी तपासतो आणि दोन्ही पास करतो. पण इथे नक्षी साक्षीला उपयोगाचीच नाही.

झेल्टबान म्हणजे 1931 पासून जर्मन सैनिकाजवळ असलेलं त्रिकोणी, पाणी सहज न झिरपणारं सुती कापड. पावसात अंगावर घ्यायचं, चौघांनी आपापली कापडं बटणांनी जोडली की तंबू उभा. फिकट पायावर तपकिरी-हिरवे कोनदार तुकडे आणि त्यांवरून पावसाच्या सरींसारख्या बारीक तुटक रेषा अशी ती 'स्प्लिटर' नक्षी, एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकी. 1944-45 साली इटलीत ज्या जर्मन फौजांशी मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान लढले, त्यांच्याजवळही हेच कापड असे. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच इटलीच्या मोहिमेत. माझी ओढ तिथूनच सुरू झाली.

सैन्याचं अधिकृत कव्हर वेगळं मिळायचं, नेफ्यात नाडी ओवलेलं. ज्यांना ते मिळालं नाही, त्यांतले काही जण फाटकं झेल्टबान कापून स्वतःच शिवत. झेल्टबान लाखांनी तयार झाली, त्यामुळे आजही ती पुष्कळ सापडतात. कव्हरं मात्र दुर्मीळ आणि कितीतरी महाग. फाटक्या झेल्टबानाचं कव्हर करून विकण्याचा मोह इथेच होतो.

खरा निवाडा होतो तो शिवणीतल्या मायेत, म्हणजे टाक्यांपलीकडे आत दडलेल्या जादा कापडात. कव्हर उलटं करा, शिवण बोटांनी हलकेच फाकवा आणि आत दडलेल्या मायेचा रंग बघा. कव्हर डोक्यावर वागवलं गेलं असेल, तर बाहेरचा भाग ऊन, धूळ आणि घामाने विटलेला असतो. माया त्यातून वाचते, म्हणून तिचा हिरवा अजून हिरवा असतो. टाक्यांच्या रेषेवर हा फरक सुरीने कापल्यासारखा दिसतो. युद्धानंतर शिवलेल्या कव्हरात बाहेरचा भाग जितका विटका, तितकीच माया विटकी, कारण कापड आधी विटलं आणि शिलाई नंतर झाली. एका कव्हरात तर मला मायेच्या आत जुन्या घडीची मळकी रेष सापडली होती. ती टाक्यांखालून सरळ पलीकडच्या पट्टीत जात होती, दोन्ही पट्ट्या एकाच विटक्या तुकड्यातून कापल्याची खूण. विकणाऱ्याने त्याला 'आघाडीवरची शिलाई' म्हटलं होतं. मी ते घेतलं नाही.

यात एक अडचण आहे. सैनिकानेही आधीच विटलेलं झेल्टबान कापलेलं असू शकतं. मग मायेतला फरक पुसट असतो. कव्हर फार दिवस वापरलं गेलं नसेल, तर फरक नसतोच. अशा वेळी झीज बघायची. हेल्मेटच्या कडेशी कापड घासतं, विशेषतः 1942 च्या नमुन्यात, कारण त्याची कड आत वळवलेली नसते. अस्तर धरून ठेवणाऱ्या तीन रिबिटांच्या जागी आतून गोल दाब किंवा गंजाचा डाग उमटतो. हे डाग हेल्मेटवर नेमके बसले पाहिजेत. डाग एकीकडे आणि रिबीट दुसरीकडे असेल, तर ते कव्हर निदान त्या हेल्मेटवर तरी वागवलेलं नाही. झेल्टबानचं एखादं काज कव्हरात आलं की लोक हुरळून जातात. पण काज दोन्ही प्रकारांत येणारच, त्यावरून काही ठरत नाही.

दोऱ्याचा लोंबता तुकडा निघाला तर जाळून बघा. आकसून कडक मणी झाला तर तो कृत्रिम दोरा, बहुधा पॉलिएस्टर. पॉलिएस्टर 1941 साली इंग्लंडमध्ये शोधलं गेलं आणि बाजारात आलं युद्धानंतर, म्हणजे निकाल जवळजवळ लागला. सुती दोरा निघाला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. अतिनील दिव्याखाली कापड चमकलं म्हणून लगेच फेकूनही देऊ नका. आधुनिक साबणाने धुतलेलं अस्सल कापडही चमकतं.

स्वतः नक्षीबद्दल एवढंच, की पश्चिम जर्मनीच्या नव्या लष्करानेही सुरुवातीच्या वर्षांत स्प्लिटर वापरली. त्यामुळे 'नक्षी ओळखली' हे पुरेसं नाही.

वाफेन-एसएसच्या, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ दलाच्या, कव्हरांचा बाजार आणखी गढूळ आहे आणि नकलाही तिथेच जास्त. ते कापड हाताळताना माझा हात थबकतो. राफेन्सब्र्यूकच्या छळछावणीत कैदी स्त्रियांकडून एसएससाठी कपडे शिवून घेतले जात. तिथे शिवलेल्या अस्सल वस्तूत एखाद्या कैदी बाईचे टाके असू शकतात, आणि नकली वस्तू विकणारा त्याच टाक्यांच्या नावावर पैसे मिळवत असतो. म्हणून एसएसची वस्तू असेल तर मी शिवण दुप्पट वेळ बघतो.

माया, झीज आणि दोरा तिन्ही बघूनही निर्णय होत नसेल, तर मी झेल्टबानाच्या तेवढ्या तुकड्याची किंमत सांगतो. विकणारा बहुधा नाही म्हणतो.